रिकाम्या डिशमधल्या पेशी

दादाच्या इमारतीची लिफ्ट चालू होती, तरी आत्या चार मजले जिन्याने चढली. वर लवकर पोचायचं नव्हतं, एवढंच कारण. दुसऱ्या मजल्यावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तिसऱ्यावर चपलेचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा लावला. चौथ्यावर दार उघडंच होतं आणि आतून मोठ्या काकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मोठे काका आणि हसणं या दोन गोष्टी या घरात कित्येक वर्षं एकत्र आल्या नव्हत्या.

दादाची मुलगी मुंगी जन्मली तेव्हापासून घरात सगळेच तिला आत्या म्हणायचे, खुद्द तिची स्वतःची आईसुद्धा. तिचं खरं नाव आता फक्त प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. त्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं ती एकाच दुखण्याच्या हात धुऊन मागे लागली होती. लहान मुलांच्या कोवळ्या मज्जापेशींतून उगवणारा कर्करोग. पोटात, मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला गाठ धरतो आणि कुणाला पत्ता लागायच्या आत हाडांत उतरतो. काही मुलांच्या गाठीत एक ठरावीक जनुक बिघडलेलं असतं. सरसकट सगळ्या पेशींना झोडपून काढण्याऐवजी नेमकं त्या बिघाडावरच बोट ठेवणारं एक औषध तिच्या संस्थेत तयार झालं होतं, आणि आता ते गोळीच्या रूपात मोजक्या मुलांना चाचणीसाठी देऊ लागले होते. तेवढ्यात ते दुखणं तिच्याच भावाच्या घरात शिरलं.

मुंगी साडेचार वर्षांची. पहिल्या वेळी औषधं, ऑपरेशन, किरणांचा शेक, सगळं सोसून ती उठून उभी राहिली होती. गेल्या महिन्यात ते परतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबायला नको, जोराचं औषध लगेच सुरू करू; गाठीचा तुकडा तपासायला पाठवते, जनुकाचा अहवाल यायला चार आठवडे लागतील, त्यात बिघाड निघाला तर गोळीचा विचार करता येईल. आत्याला चार आठवडे कुठले निघायला. संशोधनासाठी म्हणून मिळालेला तुकडा तिने स्वतःच्या हातांनी तपासला आणि नवव्या दिवशी घरी फोन केला. बिघाड आहे, गोळी लागू पडेल. त्यावर विसंबून दादा-वहिनीने जोराचं औषध नको म्हणून कळवलं, आणि गेले अठरा दिवस हे घर त्या एका फोनवर चाललं होतं.

दारातच वहिनीने तिच्या हातातली पिशवी घेतली. मुंगी नुकतीच झोपलीय, हळू बोल, म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. या दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. माझ्या मुलीकडे बघताना तुझ्या डोळ्यांत काचेच्या नळ्या दिसतात, असं वहिनी एकदा तिच्या तोंडावर म्हणाली होती, आणि त्यानंतर सात महिने दोघी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. फोननंतर सगळं पालटलं. चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही वहिनी आपल्या नणंदेचं कौतुक ऐकवायला लागली होती. हात धरण्याची ही तर नवीनच रीत. आत्याला तो हात सोडवून घ्यावासा वाटला आणि घट्ट धरून ठेवावासाही वाटला.

बैठकीच्या खोलीत आई मुंगीचे कपडे बॅगेत भरत होती. मंगळवारी अहवाल हातात पडला की बुधवारी गोळ्या सुरू, असा सगळ्यांचा हिशोब. मोठे काका त्यासाठी मुद्दाम सात तासांचा प्रवास करून आले होते. उभं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. वाटेत गाडी कुठे किती मिनिटं थांबली तेही त्यांच्या लक्षात होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा सहाव्या वर्षी याच दुखण्याने गेला होता. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आत्याने हेच काम का निवडलं, हेही कधी कुणी विचारलं नव्हतं; ते सगळ्यांना ठाऊक होतं.

वहिनी उत्साहाने सांगत होती. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. वॉर्डात एक पलंग रिकामा होतोय, रविवारी सहापर्यंत ठेवते, अजून विचार करा म्हणाल्या. वहिनीने सरळ सांगून टाकलं की तो दुसऱ्या कुणाला द्या. माझी नणंद त्याच औषधावर अकरा वर्षं काम करते, तिने स्वतः बघितलंय. "तर म्हणतात कशा, संशोधनाच्या तपासणीवर आम्ही उपचार ठरवत नाही. मी म्हटलं, तुम्ही नका ठरवू, आम्ही ठरवलंय."

काका पुन्हा हसले. आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आज रविवारच होता, आणि चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दादा, जरा आत येतोस?" ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने नळ सोडला, मग आपण चित्रपटातल्या गुन्हेगारासारखं वागतोय हे ध्यानात येऊन तो बंद केला. दादा ओट्याला टेकून उभा राहिला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचे त्याचे हात कितीही धुतले तरी बोटांच्या पेरांत काळे राहायचे. तिने त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना आपला आवाज व्याख्यान दिल्यासारखा सपाट येतोय हे तिचं तिलाच कळत होतं.

प्रयोगशाळेत एक नियम होता. पेशी वाढवायच्या तर त्यांना खाद्य लागतं, पातळ, गुलाबी रंगाचं, बाटलीत भरलेलं. प्रत्येक माणसाच्या पेशींना वेगळी बाटली. एकीची बाटली दुसरीला चालायची नाही, कारण एखादीच पेशी थेंबातून इकडची तिकडे गेली तरी ती तिथे मूळ धरते. हा नियम आत्यानेच स्वतःच्या अक्षरात लिहून काचेवर चिकटवला होता आणि नव्या मुलामुलींना पाठ करायला लावला होता. मुंगीचा तुकडा आला तो शनिवार होता, सुट्टीचा. नव्या बाटल्या कोठीत होत्या आणि कोठीला कुलूप होतं. सोमवारपर्यंत तुकडा सुकून गेला असता. तेव्हा तिने फ्रिजमधली उघडी बाटली घेतली. ती बाटली त्यांच्या जुन्या पेशींची होती, वर्षानुवर्षं प्रयोगांसाठी वाढवत ठेवलेल्या, अतिशय चिवट. तो बिघाड त्या पेशींमध्ये होता. म्हणून तर त्या ठेवल्या होत्या.

"या आठवड्यात मी तपासणी पुन्हा लावली होती. या वेळी नीट. सोबत एक रिकामी डिश ठेवायची असते, त्याच बाटलीतलं नुसतं खाद्य, पेशी नाहीत. आज सकाळी बघितलं तर त्या रिकाम्या डिशमध्येही पेशी वाढल्या होत्या."

दादाला बहुधा अर्धंच समजलं असावं, पण तेवढं पुरेसं होतं. "म्हणजे ते मुंगीचं नव्हतंच?"

"नव्हतं. मूळ तुकड्यातला थोडा भाग मी गोठवून ठेवला होता, बाटलीला न लागलेला. तो आज दुपारी तपासला. त्यात बिघाड नाही, दादा. गोळीचा तिला काही उपयोग नाही."

दादाने ओट्यावरचा एक पेला उचलला आणि परत तिथेच ठेवला. मग त्याने जे केलं त्याची तिला अपेक्षा नव्हती. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि खालच्या आवाजात तिची समजूत काढायला लागला. मंगळवारी अहवाल येणारच आहे. त्यात नाही असंच लिहिलेलं असेल. तेव्हा सगळ्यांना कळेल, दवाखान्याकडून कळेल, तुझं नाव कुठे येणार नाही. वहिनी गेले अठरा दिवस रात्रीची झोपते आहे. तिला आणखी दोन दिवस झोपू दे.

"लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसांना आम्ही बिघाड सांगत नाही," तो म्हणाला. "घाबरतात. आधी खाली आणतो."

"पण आणतोस ना खाली? दोन दिवस आत ठेवत नाहीस."

दादाने दार आणखी थोडं लोटलं. आत्याला त्याचा राग आला नाही, कारण तो जे म्हणत होता ते सगळं तिने स्वतः टॅक्सीत, येताना, एकदा नाही चारदा मनात म्हणून पाहिलं होतं. कुणाला कळणार नव्हतं. डिश जाळायच्या डब्यात टाकली की संपलं असतं. वहिनी अशीच तिचा हात धरत राहिली असती. तिला ते हवं होतं, फार हवं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. पण पलंग अजून कुणाला दिला नसेल तर सहापर्यंतच होता, आणि गेल्या आठवड्यापासून मुंगी डाव्या पायाला कुणाला हात लावू देत नव्हती. गोळी सुरू झाली की थांबेल, असं म्हणून सगळे त्या पायाकडे कानाडोळा करत होते.

ती बाहेर गेली आणि उभ्याउभ्याच तिने पुन्हा सगळं सांगितलं. बाटली, डिश, आज दुपारचा तुकडा. आईच्या हातात मुंगीचा झगा होता, त्याची घडी अर्धवट राहिली. काकांचं हसू चेहऱ्यावरून उतरायला जरा वेळ लागला. वहिनीने मात्र शेवटपर्यंत नजर हलवली नाही. दुकानात ती असंच करते. समोरच्याला एकेक काच लावून विचारते, आता कसं दिसतंय, ही बरी की ही.

"तुकड्यात बिघाड नाही, हे नक्की?"

"नक्की. तीनदा बघितलं."

"पहिल्या वेळी रिकामी डिश का नाही ठेवली?"

"घाई होती. ठेवायला हवी होती."

"घाई कुणाला होती?"

"मला."

"तुम्हाला हे काम दुसऱ्या कुणाकडे देता आलं असतं? नाव न सांगता?"

तुम्हाला. नणंद-भावजय म्हणून लागलेली सगळी नाती वहिनीने त्या एका शब्दात आवरून घेतली होती. आत्या म्हणाली, हो, तसंच करायचं असतं, घरच्या माणसाच्या तुकड्याला आम्ही हात लावत नाही, मी लावला.

"किती दिवस गेले?"

"अठरा."

"आणि डॉक्टरीणबाईंचं जोराचं औषध तेव्हाच सुरू केलं असतं तर?"

"एक फेरी पुरी होत आली असती. उपयोग झालाच असता असं नाही सांगता येत. पण ती गाठ या अठरा दिवसांत मोकळी सुटलीय."

आईने मध्ये तोंड घातलं. अगं, माणूस आहे, चुकतं, तिने काय मुद्दाम केलं का, रात्रंदिवस पोर तिथे खपते. आईचं ते बोलणं ऐकताना आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी आईकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आई, माझ्या हातून चुकीचा नंबर निघाला तर आम्ही चष्मा बदलून देतो."

आई झग्याकडे बघत राहिली. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला होता, धड आत नाही की बाहेर नाही.

"बावीस," मोठे काका म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. आत्याने मनाची तयारी केली. काकांचा राग घरात सगळ्यांनी पाहिलेला होता, आणि आज त्यांचा हक्कच होता.

"माझे बावीस गेले होते. पोटाला लेप लावणारा एक होता. गाठ विरघळतेय म्हणायचा. रोज बोटांनी मोजून दाखवायचा, काल एवढी होती, आज एवढी आहे. मी मोजणी करणारा माणूस, आणि मी त्याची बोटं बघून खूश व्हायचो." मुलाबद्दल ते इतकं पहिल्यांदाच बोलत होते आणि पुढचे शब्द त्यांना शोधावे लागत होते. "तो चुकला यात काही नाही. चुकलो तर मीही. पण त्याच्या हाताखाली एक बाई होती, तिने मला नंतर सांगितलं. आठव्या दिवशीच त्याच्या लक्षात आलं होतं की गाठ वाढतेय. आठव्या दिवशी. त्याला माझ्या तोंडाकडे बघून सांगवेना, म्हणून तो पुढे चौदा दिवस विरघळतेय म्हणत राहिला. बाविसातले आठ मी त्याला केव्हाच सोडलेत. ते चौदा नाही सोडले. मरेपर्यंत सोडणार नाही."

मग ते दादाकडे वळले. "तू हिला आत काय सांगत होतास ते ऐकलंय मी. दार लोटून उपयोग नसतो, या घराच्या भिंती पातळ आहेत."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. आतापर्यंत तिच्या रागाला एकच दिशा होती. आता तिला ती दोघांत वाटावी लागली. दादा काहीतरी सांगू पाहत होता, तुझ्यासाठीच, तू झोपत होतीस म्हणून. वहिनीने त्याला हाताने थांबवलं. तिला रडू येत होतं आणि रडण्यात वेळ घालवायचा नाही हेही तिने ठरवलं होतं. तिने फोन उचलला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंशी बोलताना तिने फार शब्द वापरले नाहीत. घरची तपासणी चुकीची होती, गोळी नाही, आम्ही निघतोय, पायही दुखतोय तिचा. पलंग तुम्ही कुणाला दिला असेल, बसायला खुर्ची मिळाली तरी चालेल. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. वहिनी नुसती हं हं करत होती. फोन ठेवल्यावर ती खिडकीबाहेरच बघत म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तरी मी सहापर्यंत ठेवलाय, म्हणाल्या." आणि तिथेच तिने डोळे पुसले, दोन्ही हातांनी, घाईघाईने.

घर एकदम हललं. गोळ्यांच्या बुधवारसाठी भरलेली बॅग आईने रिकामी केली आणि महिन्याभराच्या मुक्कामासाठी पुन्हा भरायला घेतली. काका जुन्या फायली तारखेप्रमाणे लावायला बसले. दादाने गाडीची किल्ली शोधली. ती त्याच्याच खिशात निघाली. कुणालाही करायला काही ना काही होतं. आत्या एकटीच खोलीच्या मधोमध उभी होती, सगळ्यांच्या वाटेत.

"मुंगीला तुम्हीच सांगा," वहिनी जाताजाता म्हणाली. "आता सुया नाहीत, नुसती गोळी, असं तुम्हीच तिला सांगितलंत."

मुंगी जागी झालेली होती. डाव्या पायाखाली उशी घेऊन ती छताकडे बघत पडली होती. चालायला शिकली तेव्हा ती भिंतीच्या कडेकडेने फिरायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. आत्याला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं करून पुन्हा आडवी झाली.

"गोळी आणलीस?"

"नाही." आत्या तिच्याशेजारी पलंगाच्या काठावर बसली. "गोळी नाही मिळणार. आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय. तिथे सुया आहेत."

"तू म्हणाली होतीस, नाहीत."

"म्हणाले होते. माझं चुकलं."

मुंगीने यावर विचार केला. खालचा ओठ पुढे आला, पण तिने तो परत आत ओढला. दीड वर्षात तिला दवाखान्याचं बरंच कळलं होतं. "किती सुया?"

"बऱ्याच."

"मग सॉरी म्हण."

"सॉरी, मुंगी."

"आईला म्हटलंस?"

आत्याने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिने ते म्हटलं नव्हतं. बाटली कुठली, डिश कशी, तुकडा कधीचा, दिवस किती, एकूणएक सांगितलं होतं. स्वयंपाकघरात एकदा आणि बाहेर एकदा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं होतं. तेवढा एक शब्द कुणी विचारला नव्हता म्हणून तोंडातून निघाला नव्हता.

वहिनी दारात उभी होती, खांद्याला बॅग लावून. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"वहिनी," आत्या उठली. आता आवाज सपाट येत नव्हता, धड येतच नव्हता. "मला माफ कर. तो बिघाड तिच्यात निघावा असं मला इतकं वाटत होतं, की दिसला तेव्हा मी दुसऱ्यांदा बघितलंच नाही."

वहिनीने खांद्यावरची बॅग सरळ केली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच वाचता येत नव्हतं, आणि वाचायचा प्रयत्न करायचा आपल्याला हक्क नाही असंही आत्याला वाटलं.

"ते नंतर," वहिनी म्हणाली. "तू मागे बस. तिचा डावा पाय मांडीवर घे, आणि खड्डा आला की वर उचल."

गाडीत दादा चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी फायली पोटाशी धरून बसली होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. रविवारची रहदारी होती, सिग्नल लागत होते, आणि प्रत्येक सिग्नलला वहिनी घड्याळ बघत होती. साडेपाचला दहा मिनिटं कमी होती. मुंगी आत्याच्या दंडावर डोकं टेकून पडली होती. आत्याने तिचा पाय दोन्ही हातांवर तोलून धरला होता. गुडघ्याच्या वर, हाडाशी, तो हाताला गरम लागत होता. खड्डा आला की ती तो उचलत होती, आणि मुंगी तरीही कण्हत होती. अठरा दिवसांपूर्वी फोनवर बातमी सांगून आत्या संध्याकाळी घरी आली, तेव्हा मुंगी याच एका पायावर उड्या मारत दारापर्यंत आली होती.